वाचकांचे प्रश्न: उदारमतवाद, पोस्टलिबरल विचार आणि सीमाभागातली मंडळी

या वेळी ईश्वरविज्ञानावर, म्हणजे थिऑलॉजीवर, आलेली पत्रे बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि चिकोडी भागांतली आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट छळते आहे: बायबलला प्रश्न विचारायचे की बायबलच्या गोष्टीत शिरून जगायचे? हे दोन वेगळे पक्ष आहेत असे आम्ही मानत नाही. का मानत नाही, ते उत्तरांमधून पुढे येईलच.

प्रश्न: आमच्या तरुण संघात कुणी बायबलविषयी अवघड प्रश्न विचारला की ‘हा लिबरल झाला’ असं म्हणतात. आता बंगळूरला शिकून आलेला एक जण सांगतो, लिबरल जुने झाले, सध्या पोस्टलिबरल विचार चालतो. म्हणजे फिरून जुन्या कर्मठ शिकवणीकडेच जायचं का? (कॅम्प, बेळगाव)

उत्तर: नाही. तुमच्या संघात ‘लिबरल’ हा शब्द ज्या अर्थाने फेकला जातो, त्याचा मूळ परंपरेशी फारसा संबंध नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या सुशिक्षितांना चर्चचे म्हणणे पटेनासे झाले होते. देवाचे अस्तित्व शुद्ध बुद्धीने सिद्ध करण्याचे जुने मार्ग जर्मन तत्त्वज्ञ कांटने बंद केले होते. बायबलमधली पुस्तके कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिली याचा शोधही सुरू झाला होता. अशा वेळी १७९९ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिख श्लायरमाखर यांनी धर्माला तुच्छ लेखणाऱ्या या सुशिक्षितांना उद्देशून भाषणे प्रसिद्ध केली. धर्म म्हणजे विज्ञानाशी स्पर्धा करणारी माहिती नव्हे आणि नीतिनियमांची यादीही नव्हे. त्याचे मूळ माणसाच्या अंतःकरणात, असीमाच्या जाणिवेत आहे, असे त्यांचे म्हणणे. १८२१-२२ मध्ये त्यांनी सगळी ख्रिस्ती शिकवण एका सूत्रावर नव्याने मांडली: आपण सर्वस्वी अवलंबून आहोत ही जाणीव म्हणजेच देवाशी असलेले आपले नाते. हे लिहिणारा माणूस बर्लिनच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे उपदेश करत होता. श्रद्धा मोडायला नव्हे, वाचवायला तो निघाला होता.

शंभर वर्षांनी, १८९९-१९०० च्या हिवाळ्यात, आडोल्फ फॉन हार्नाक यांनी बर्लिन विद्यापीठात ख्रिस्ती धर्माचे सार सांगितले: देवाचे राज्य, देवाचे पितृत्व आणि मानवी आत्म्याचे अमोल मूल्य, आणि प्रीतीची आज्ञा. बाकीचे कवच आणि हा गर. अडचण इथेच झाली. कवच काढून टाकताना काय टाकायचे हे त्या त्या काळाची सुसंस्कृत माणसे ठरवतात, आणि मग हातात उरलेला गर बरोबर त्या माणसांच्याच चवीचा निघतो. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणारे जाहीर पत्रक ९३ विद्वानांच्या सह्यांनी निघाले, त्यात हार्नाकही होते. स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल गावात पाळक असलेल्या कार्ल बार्थ यांनी त्या यादीत आपल्या शिक्षकांची नावे वाचली. १९१९ मध्ये त्यांचे रोमकरांस पत्रावरचे भाष्य निघाले आणि १९२२ मध्ये ते जवळजवळ संपूर्ण नव्याने लिहून झाले. १९२३ मध्ये हार्नाकनी त्यांना उद्देशून १५ प्रश्न छापले आणि बार्थनी १५ उत्तरे दिली. गुरू विचारतो: इतिहास आणि विवेक यांच्याशिवाय तुमचा ख्रिस्त कल्पनेतला कशावरून नाही? शिष्य म्हणतो: देवाचे वचन आधी ऐका, मग बोला. आजही वादाचे मूळ तेच आहे.

पोस्टलिबरल विचार त्यानंतरचा, मुख्यतः अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला. बायबलची गोष्ट आणि मंडळीची, म्हणजे चर्चच्या समुदायाची, भाषा आधी शिकायची आणि तिच्यातून जगाकडे पाहायचे, हा त्याचा गाभा. हान्स फ्राय यांचे १९७४ चे बायबलच्या कथनावरचे पुस्तक आणि जॉर्ज लिंडबेक यांचे १९८४ चे सिद्धान्ताच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या, स्वरूपावरचे पुस्तक हे त्याचे दोन खांब. दोघांनीही ऐतिहासिक चिकित्सा नाकारली नाही. म्हणूनच १९८५ मध्ये इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर ठाम भर देणाऱ्या प्रवाहातले, विद्वान कार्ल हेन्री यांनी येलमध्येच व्याख्यान देऊन त्यांच्यावर टीका केली: बायबल जे सांगते ते वस्तुस्थिती म्हणून खरे आहे, असे हे लोक स्पष्ट का म्हणत नाहीत? कर्मठांना हा विचार आपला वाटला नाही, तो असा.

तुमच्या संघासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. फ्राय १९८८ मध्ये वारले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणांत त्यांनी ईश्वरविज्ञानाचे पाच प्रकार एका पट्टीवर मांडले. एका टोकाला ईश्वरविज्ञान ही तत्त्वज्ञानाचीच शाखा; दुसऱ्या टोकाला ते मंडळीचे आपसातले बोलणे, बाहेरच्या कुणालाही उत्तर न देणारे. श्लायरमाखर तिसऱ्या जागी आहेत आणि बार्थ चौथ्या. लिबरलांचा जनक आणि लिबरलांचा सर्वांत मोठा टीकाकार शेजारी शेजारी! तिसऱ्या जागी मंडळीची भाषा आणि बाहेरचे ज्ञान एकमेकांशी बोलतात, कुणी कुणाचा मालक नसतो. चौथ्या जागी मंडळीची भाषा पहिली आणि बाहेरचे ज्ञान गरजेप्रमाणे वापरायचे. यातले अंतर आहे तेवढेच आहे. पुढच्या वेळी कुणी ‘लिबरल’ म्हणून शिक्का मारला तर ही पट्टी फळ्यावर काढा आणि शिक्का मारणाऱ्याला विचारा, मी यात नेमका कुठे उभा आहे?

(अमेरिकेच्या राजकारणात अलीकडे ‘पोस्टलिबरल’ म्हणवणारा एक प्रवाह आहे. व्यक्तिस्वातंत्र्यावर उभ्या असलेल्या राज्यव्यवस्थेवर तो टीका करतो. येलच्या विचारात आणि त्यात गल्लत करू नये.)

प्रश्न: मी शब्बाथ शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवते. पाच भाकरी आणि दोन मासे या पाठाला मुलं विचारतात, ‘टीचर, हे खरंच झालं का?’ ‘वाटून खावं हा बोध’ असं सांगून मी पुढे जाते, पण माझंच समाधान होत नाही. (खानापूर तालुका)

उत्तर: तुमचे असमाधान योग्य जागी आहे. ‘मुळात लोकांजवळ शिदोऱ्या होत्या, येशूने वाटायला सुरुवात केल्यावर सगळ्यांनी त्या सोडल्या’ हे स्पष्टीकरण फार जुने आहे. हाइनरिख पाउलुस यांनी १८२८ च्या येशूचरित्रात ते मांडले. गंमत अशी की १८३५ मध्ये त्यांच्याहून कितीतरी कठोर चिकित्सक असलेल्या डाव्हिड श्ट्राउस यांनीच ते मोडीत काढले: मजकुरात जे आहे ते काढून टाकून जे नाही ते घालणे म्हणजे अर्थ सांगणे नव्हे. फ्रायचे म्हणणे याच दिशेने आणखी पुढे जाते. गोष्टीच्या मागे ‘नेमके काय घडले’ ते शोधणारा चिकित्सक आणि गोष्टीच्या मागे ‘घडलेच’ याचा पुरावा शोधणारा कर्मठ, दोघेही गोष्ट सोडून तिच्या मागे धावतात. गोष्ट मात्र न वाचलेली राहते.

म्हणून आधी गोष्ट वाचा. मार्कच्या शुभवर्तमानात ६:३० पासून नव्हे, ६:१४ पासून. तिथे हेरोद राजाच्या वाढदिवसाची मेजवानी आहे. अधिकारी, सरदार, गालीलातले मोठे लोक जमले आहेत आणि शेवटी तबकात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर येते. लगेच पुढे दुसरे जेवण: ओसाड जागा, हिरवळ, शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासांच्या पंगती, सगळे तृप्त आणि १२ टोपल्या उरलेल्या. मार्कने ही दोन जेवणे शेजारी ठेवली आहेत. मुलांना ही जोडी दाखवली की ‘हा येशू कोण?’ हा प्रश्न तीच विचारतात. मार्कला तोच प्रश्न हवा आहे.

४५ मिनिटांचा तास असा बसवता येईल. पहिली १० मिनिटे दोन मुलांनी आळीपाळीने ६:१४-४४ मोठ्याने वाचावे. पुढची १० मिनिटे फळ्यावर दोन रकाने: कोणाचे जेवण, कोण बोलावलेले, काय वाढले, शेवटी काय उरले. मग १२ मिनिटे आठवणींचा शोध. ‘मेंढपाळ नसलेली मेंढरे’ आणि हिरवळ यांच्याशेजारी स्तोत्र २३ ठेवा. ओसाड जागेतल्या अन्नासाठी निर्गम १६ मधला मान्ना. शंभर आणि पन्नास यांसाठी निर्गम १८:२१. आणि ‘घेतल्या, आशीर्वाद दिला, मोडल्या, दिल्या’ या चार क्रियांसाठी मार्क १४:२२, म्हणजे प्रभुभोजन. एका गटाला एकच संदर्भ द्या, चारही दिले तर तास पाने उलटण्यात जातो. उरलेली १३ मिनिटे मुलांच्या प्रश्नासाठी राखून ठेवा, आणि तो टाळू नका.

तेव्हा काय सांगायचे? इतिहासाच्या साधनांनी हा चमत्कार सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. पुनरुत्थान सोडले तर चारही शुभवर्तमानांत आलेला हा एकच चमत्कार, म्हणजे पहिल्या मंडळ्यांच्या स्मरणात तो फार खोल होता, एवढे इतिहास म्हणू शकतो. ‘आम्ही हे खरे मानतो, कारण ज्या येशूविषयी ही गोष्ट आहे तो उठलेला आहे यावर आमचा विश्वास आहे’ हे मंडळीचे उत्तर आहे आणि ते विश्वासाचे उत्तर आहे असे मुलांना उघड सांगा. फ्रायसुद्धा इथे गुळमुळीत नाहीत. १९७५ च्या पुस्तकात ते म्हणतात, शुभवर्तमानांनी वर्णिलेला येशू कोण हे एकदा कळले की तो उठलेला नाही अशी कल्पना करताच येत नाही. हा युक्तिवाद पटतो की नाही यावर मुलांना भांडू द्या. ज्या मुलाला नाही पटले त्याला पुढच्या रविवारीही वर्गात हक्काची जागा हवी.

नेहमी होणाऱ्या दोन चुका. मार्कच्या पाठात डबा देणारा मुलगा नाही. तो आणि जवाच्या भाकरी फक्त योहान ६:९ मध्ये आहेत. चारही कथांची खिचडी केली की मार्कची हेरोदाची चौकट नाहीशी होते. दुसरी चूक हिशेबाची. शिष्य ‘दोनशे दिनार’ म्हणतात ती रक्कम मुलांना कळत नाही. मत्तय २०:२ प्रमाणे एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. दोनशे दिवसांची रोजंदारी असे सांगा, खानापूरच्या मुलांना वेगळे समजवावे लागणार नाही.

प्रश्न: लिंडबेक म्हणतात, सिद्धान्त हे व्याकरणासारखे असतात. मग ‘येशू प्रभू आहे’ हे खरं आहे की नुसता बोलण्याचा नियम? (निपाणी)

उत्तर: लिंडबेकनी धर्माकडे पाहण्याच्या तीन रीती सांगितल्या. एकीत सिद्धान्त म्हणजे वस्तुस्थितीविषयीची विधाने. दुसरीत सिद्धान्त म्हणजे आतल्या अनुभवाचे शब्दरूप. ही श्लायरमाखरांपासूनची उदारमतवादी रीत. तिसरी त्यांची स्वतःची: धर्म हा भाषेसारखा किंवा संस्कृतीसारखा असतो. आधी अनुभव आणि मग शब्द, असा क्रम नाही. प्रार्थना, स्तोत्रे, गोष्टी, प्रभुभोजन शिकता शिकताच तो विशिष्ट अनुभव शक्य होतो. सिद्धान्त म्हणजे ती भाषा नीट कशी बोलायची याचे नियम.

उदाहरण नायसियाचे, म्हणजे चौथ्या शतकात तिथे भरलेल्या चर्चच्या महासभेचे, घ्या. त्या काळच्या वादांमागे लिंडबेकना तीन नियम दिसतात: देव एकच, येशू हा इतिहासातला खराखुरा माणूस, आणि पहिले दोन नियम न मोडता येशूविषयी जेवढे मोठे बोलता येईल तेवढे बोलावे. हे तीनही पाळणारे बोलणे वेगळ्या शब्दांतही शक्य आहे. प्रत्येक रविवारी मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, पाठ म्हणणाऱ्या मंडळीला हे ध्यानात आले तर पाठांतरात प्राण येतो.

आता तुमचा प्रश्न. लिंडबेकचेच उदाहरण प्रसिद्ध आहे: क्रुसेडमधला, म्हणजे मध्ययुगीन धर्मयुद्धातला, योद्धा ‘ख्रिस्त प्रभू आहे’ असे ओरडत समोरच्याचे डोके फोडतो. त्याच्या तोंडी ते वाक्य खोटे ठरते, कारण ख्रिस्ती जीवनात त्या वाक्याचा जो उपयोग आहे त्याच्याशी त्याची कृती विसंगत आहे. हे नैतिकदृष्ट्या भिडते, पण टीकाकारांनी लगेच विचारले: योद्धा दुष्ट आहे म्हणून ख्रिस्त प्रभू नाही असे होते का? हा आक्षेप बरोबर आहे. वाक्य खरे असणे आणि मी ते खरेपणाने म्हणणे या दोन गोष्टी आहेत. १९८९ मध्ये ईश्वरविज्ञानी ब्रूस मार्शल यांनी मध्ययुगीन विचारवंत थॉमस अक्वायनसच्या आधारे लिंडबेकची मांडणी अशी सावरली की वास्तवाशी जुळणारे सत्य त्यात टिकते, आणि लिंडबेकनी तो खुलासा मान्य केला. तेव्हा नियमही आहे आणि सत्यविधानही. ज्या वक्त्याला यातले एकच पाहिजे असते तो तुम्हाला अर्धाच लिंडबेक सांगतो आहे.

प्रश्न: आमच्या घरी मराठी, सासरी कानडी. एका रविवारी मराठी उपासना, दुसऱ्या रविवारी कानडी. लग्नात हळद लागते, बाळाचं बारसं होतं. धर्म ही भाषा असेल तर आमची भाषा कोणती? पाळकसाहेब म्हणतात, ही सरमिसळ आहे. (हुक्केरी तालुका)

उत्तर: पोस्टलिबरल विचाराची सर्वांत कच्ची बाजू तुमच्या पत्राने पकडली आहे. लिंडबेकच्या मांडणीत ख्रिस्ती भाषा ही जणू कुंपण घातलेली आहे. बायबलने जगाला आपल्यात सामावून घ्यायचे, जगाने बायबलला नव्हे. ईश्वरविज्ञानी कॅथरीन टॅनर यांनी १९९७ मध्ये संस्कृतिशास्त्राच्या आधारे दाखवले की संस्कृती अशा कधीच नसतात. त्यांच्या कडा धूसर असतात, आतही वाद असतात, आणि ख्रिस्ती लोक जवळजवळ सगळे साहित्य शेजाऱ्यांकडूनच घेतात. वेगळेपण साहित्यात नसते, ते कसे वापरले जाते यात असते. येलच्या मंडळींना हे सिद्ध करायला पुस्तके लागली. बेळगाव जिल्ह्यात एका ओसरीवर तीन भाषा बोलल्या जातात, त्यामुळे इथे ते रोज दिसते.

इतिहासही हेच सांगतो. लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांच्या हालअपेष्टा मराठी कादंबरीत आणल्या. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. त्यांची भजने आज मराठी उपासनेतून काढली तर मागे काय उरेल याचा पाळकसाहेबांनी विचार करावा. अभंगाचा छंद, भक्तीची आर्तता आणि शुभवर्तमानाची गोष्ट यांपैकी कोणी कोणाला सामावून घेतले? याचे एका बाजूचे उत्तर नाही.

म्हणून सगळेच चालते असेही नाही. कोणतीही रीत पारखताना तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. करणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला ती कृती काय सांगते? उपासनेत ती कोणत्या गोष्टीशी जोडलेली आहे? तिच्यामुळे कोण बाहेर राहते, कोणाला दुखते? पहिला प्रश्न १ करिंथ ८ ते १० मध्ये पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी विचारलेला आहे. दुसरा पोस्टलिबरलांचा. तिसरा उदारमतवाद्यांनी लावून धरलेला, आणि आमच्या मते आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जाणारा.

हळद घ्या. पहिल्या प्रश्नात ती बहुतेक घरांत आनंदाची खूण ठरते. दुसऱ्यात, सुरुवातीला प्रार्थना आणि एक स्तोत्र घेतले की ती लग्नाच्या उपासनेला जोडली जाते. पण तिसऱ्या प्रश्नाशी हळद पुष्कळदा नापास होते, कारण नवरीच्या विधवा आईला किंवा आत्याला हात लावू देत नाहीत. तिथे दोष हळदीचा नाही, वगळण्याचा आहे. पहिली हळद विधवा आईच्या हातून लावा. नाईनच्या विधवेची गोष्ट, लूक ७:११-१७, त्याच वेळी वाचा. विरोध झाला तर तो नेमका कशाला आहे हेही सगळ्यांसमोर स्पष्ट होईल.

मराठी की कानडी, हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न नाही. घरात रात्रीची प्रार्थना कोणत्या भाषेत करायची ते मुलाला ज्या भाषेत रडू येते त्यावर ठरवा.

प्रश्न: श्लायरमाखर, बार्थ, लिंडबेक सगळे गोरे प्राध्यापक. आमच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेरून येऊन बाप्तिस्मा घेतला. चर्चमध्येही बसायच्या जागा बरीच वर्षं वेगळ्या होत्या. ‘मंडळीची भाषा शिका’ म्हणजे कोणाची भाषा? (चिकोडी तालुका)

उत्तर: हा प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांना पुरून उरतो.

‘मंडळीने प्रथम मंडळी व्हावे, तीच तिची पहिली सामाजिक सेवा’ असे पोस्टलिबरल विचाराजवळचे अमेरिकन ईश्वरविज्ञानी स्टॅनली हॉवरवास १९८० च्या दशकापासून सांगत आले. १९८५ मध्ये ख्रिस्ती नीतिशास्त्राचे अभ्यासक जेम्स गस्टाफसन यांनी यात पंथीय कप्पेबंदीचा मोह आहे असा इशारा दिला. तुमचा अनुभव गस्टाफसनच्याही पुढचा आहे: मंडळी जर आतूनच जातीने विभागलेली असेल तर तिची ‘भाषा’ ती विभागणीही शिकवते. व्याकरण कोणाच्या तोंडून ठरते, हे पोस्टलिबरलांनी पुरेसे विचारले नाही. सत्तेचा, अन्यायाचा प्रश्न बाहेरून आणण्याची उदारमतवादी सवय इथे अत्यावश्यक आहे.

पण नुसत्या ‘अनुभवा’वरही भागत नाही. १९८० च्या दशकात बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधून अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू केली. त्यांनी दलितांची वेदना आरंभी ठेवली आणि लगेच अनुवाद २६:५ उघडले. कापणीचे पहिले फळ आणणारा इस्राएली तिथे देवापुढे म्हणतो: माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्हाला छळले, आम्ही आरोळी केली, देवाने ऐकले. निर्मळ यांनी हा कबुलीजबाब दलितांचा मतांगीकार म्हणून वाचला. अनुभवाला गोष्ट मिळाली आणि गोष्टीला नवा बोलणारा मिळाला. लिबरल किंवा पोस्टलिबरल, कोणत्याही एका कप्प्यात हे बसत नाही. भारतीय ख्रिस्ती विचार वरच्या जातींच्या धर्मांतरितांनी त्यांच्याच परंपरेतून घडवला, ही त्यांची टीका टिळकांच्या पुलालाही लागू होते. तुकारामाचा पूल सगळ्यांच्या दारातून जात नव्हता.

एक करून पाहा. तुमच्या मंडळीत कापणीचा सण, म्हणजे हार्व्हेस्ट फेस्टिव्हल, होतच असेल. लिलाव सुरू होण्याआधी अनुवाद २६:५-११ वाचा. मग तीन वयस्क सभासदांनी, त्यात किमान दोन स्त्रिया, आपल्या कुटुंबाची मंडळीत येण्याची हकिगत प्रत्येकी पाच मिनिटांत त्याच क्रमाने सांगावी: कोण होतो, काय सोसले, काय ऐकले गेले. ११ वी ओवी ध्यानात ठेवा. त्यात लेवी आणि परदेशी दोघांनीही आनंद करायचा आहे, म्हणून जेवणाची पंगत एकच. ‘जुने उकरून काढू नका’ असे कोणी म्हणेलच. निर्गमनापासून वधस्तंभापर्यंत बायबल जुने उकरूनच सांगते, हे त्याला शांतपणे दाखवा.

प्रश्न: मी मेथडिस्ट, होणारी सून कॅथलिक. या सगळ्या वादाचा आमच्या घराला काही उपयोग? (बेळगाव)

उत्तर: थेट उपयोग आहे. लिंडबेक लुथरन होते, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत निरीक्षक म्हणून बसले होते, आणि त्यांचा व्याकरणाचा विचार अशा संवादातूनच पक्का झाला. दोन चर्चची वाक्ये वेगळी असूनही दोघे एकच नियम पाळत असू शकतात. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी, म्हणजे माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो याविषयी, संयुक्त घोषणा केली आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही ती स्वीकारली. म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या मूळ भांडणावर तुमच्या आणि सूनबाईंच्या चर्चमध्ये आता मूलभूत सहमती आहे. प्रभुभोजन एकत्र घेण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. लग्नाआधी फादर आणि पाळक दोघांना एकाच वेळी भेटा. बाळाच्या बाप्तिस्म्याचे बोलणेही तेव्हाच करा, बारशाच्या दिवशी नको.

तुमच्या मेथडिस्ट परंपरेचे जनक जॉन वेस्ली यांच्या नावाने सांगितले जाणारे चार आधार, पवित्र शास्त्र, परंपरा, विवेक आणि अनुभव, ही चौकट विसाव्या शतकात अल्बर्ट आउटलर यांनी मांडली. चारही सारख्या वजनाचे असे ते म्हणाले नव्हते, शास्त्र पहिले.

प्रश्न: अभ्यासगट सुरू करायचा आहे. इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत. (खानापूर)

उत्तर: इंग्रजी पुस्तकाने सुरुवात करूच नका. मार्कचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे. आठवड्याला दोन अध्याय धरले तर आठ बैठकांत संपते. ६ ते १० जण पुरेत. त्याहून जास्त झाले की तिघेच बोलतात. बैठक ९० मिनिटांची: २० मिनिटे मोठ्याने वाचन, शक्यतो मराठी आणि कानडी दोन्ही प्रतींतून, ३० मिनिटे ‘येशू इथे कोण दिसतो’ एवढाच प्रश्न, मग ३० मिनिटे चिकित्सेचे प्रश्न, जसे की मार्क १६:९ नंतरचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत का नाही, आणि १० मिनिटे प्रार्थना. दुसरा आणि तिसरा भाग उलट करू नका. चिकित्सा आधी घेतली की गट गोष्टीपर्यंत पोहोचतच नाही, आणि चिकित्सा वगळली की हुशार मुले तिसऱ्या बैठकीला येत नाहीत.

पाळक असतील तर त्यांनी शेवटी बोलावे. प्रश्न एका वहीत तारखेनिशी लिहा. उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न खोडू नका. आठव्या बैठकीत ती वही पहिल्यापासून वाचून काढा आणि पुढे लूक घ्यायचा की रोमकरांस पत्र, ते त्यावरून ठरवा.